बुधवारचे दोन तास

हाजराबी दार वाजवत नाही.
चपला पायरीवर, उलट्या पडल्या तर पडल्या,
आणि थेट खाटेशी जाऊन म्हणते,
“क्या शेठ, आज कौनसा रंग चालू?”
तो हसतो. डावी बाजू हसते.

आमची ओळख लाइटच्या खोलीबाहेरच्या बाकावरची.
तीस सिटिंगा, तीस सकाळी.
तिचा माणूस आत, मग माझा.
तिनंच शिकवलं,
फिट आली की तोंडात काही घालायचं नाही,
चमचा नाही, कांदा नाही, चप्पल नाही,
कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं.
गोळ्यांनी रात्री दोनला भूक लागणार,
भाकरी दह्यात कुस्करून ठेव.
आणि तो अंगावर ओरडला तर?
सगळे सांगतात, तो नाही गं, गाठ बोलते.
हाजराबी म्हणाली, “पण लागतं तर तुलाच ना.”

जेकॉर्डचे पत्ते पंच करायचा हा, साखर पेठेत, पंचवीस वर्षं.
चादरीवरचा मोर आधी याच्या बोटांखाली
नुसती भोकं असायचा.
डॉक्टरनी फिल्म उजेडावर धरली तेव्हा
हाच आधी बोलला, “एक पत्ता चुकलाय, साहेब.”
तेव्हा बोलत होता.

मराठी आधी गेली. कारखान्यातली, बाजारातली.
मग घरातली तेलुगू, एकेक करत,
लग्नघरातून पाहुणे पांगतात तशी.
आता एक शब्द उरलाय. नीळ्ळु.
पाणी म्हणजे पाणी.
पाणी म्हणजे पंखा लाव, पाणी म्हणजे लघवी,
पाणी म्हणजे पोरगी आली का पुण्याहून,
पाणी म्हणजे भूदेवी, बस इथं.
कुठलं ते मी डोळ्यांवरून ओळखते.
कधी चुकते.

एका रात्री चौथ्यांदा नीळ्ळु म्हणाला
आणि मी पेला आपटला.
त्याच्या हातावर आपटला.
निळं उमटलं, नखाएवढं.
सकाळी नळ आला, पाचव्या दिवसाचा,
मी घागरी लावत राहिले,
भरलेल्यासुद्धा पुन्हा लावल्या.

नणंद फोनवर विचारते, “अण्णा कसाय?”
विडी कारखान्यात पानं देणारा विचारतो, मालक कसे आहेत.
मी म्हणते, आहे.

पेल्याचं फक्त हाजराबीला सांगितलं.
ती माझ्या वाटणीची पानं कापत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
“मैं तो दुआ मंगी थी. अब बस होने दे, बोलके.
दो रात मंगी.
तिसरे रात कू हो गया.”
कात्री थांबली नाही.
मीही काही बोलले नाही.
मग आम्ही विड्या मोजल्या, पंचवीसचा कट्टा.
माझा एक चोवीसचाच निघाला.

तिचा माणूस जाऊन आठ महिने झाले.
तरी बुधवारी येते.
“जा,” म्हणते, “रेशन नको, दवाखान्याचा कागद नको.
ऐसेच जा.”
पहिल्या बुधवारी मी चौकापर्यंत गेले आणि परत आले.
दुसऱ्या बुधवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी,
सोलापूरचं ऊन, दगड भाकरीच्या तव्यासारखा,
तासभर बसले आणि तासभर घड्याळ बघितलं.
आज उसाचा रस प्याले. बर्फ घालून.
मग अजून एक.
गाडीवाला म्हणाला, “लई तहान लागलती की, अक्का.”
मी हसले,
आणि घाबरून इकडंतिकडं बघितलं.

परत आले तर आतून आवाज,
“नीळ्ळु.”
हाजराबीला तेलुगूतलं ओ की ठो कळत नाही.
ती म्हणत होती, “हौ शेठ, आ रही. रस्ते में है.”
मी दाराला हात लावला.
मग आठवलं, माझी सात मिनिटं अजून शिल्लक आहेत.
तिच्या चपला सुलट्या केल्या,
आणि त्यांच्या शेजारी
पायरीवर बसून राहिले.